कोकणच्या अरुंद रस्त्यावर सायकल आणि मोटार: एकमेकांना जागा कशी द्यावी

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा सागरी मार्ग, मुंबई-गोवा महामार्गावरून बंदरांकडे उतरणारे फाटे आणि वाड्यावाड्यांना जोडणारे ग्रामीण रस्ते या सगळ्यांवर कोकणातला सायकलस्वार भेटतो. त्यात शाळेला निघालेली मुले असतात, पहाटे पाव किंवा मासळी घेऊन फिरणारे विक्रेते असतात, बाजाराला निघालेले वयस्कर गावकरी असतात आणि थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून गोव्याकडे निघालेले हौशी सायकलपटूही असतात. एस.टी., पर्यटकांच्या मोटारी, आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो आणि चिऱ्यांचे डंपर ज्या डांबरी पट्टीवरून धावतात, तीच पट्टी या सायकलस्वारांनाही वापरावी लागते. सायकल कडेला असते, त्यामुळे तिला मागे टाकण्यासाठी वेगळी जागा लागत नाही, अशी एक समजूत वाहनचालकांमध्ये खोलवर रुजलेली आहे. माझ्या मते येथील धोक्याचे बहुतेक प्रसंग या एका समजुतीतून उद्भवतात, म्हणून आधी रस्त्याची रुंदी मोजून पाहू.

रुंदीचा हिशेब

रस्तेबांधणीच्या प्रचलित मानकांनुसार एकपदरी रस्त्याची डांबरी पट्टी 3.75 मीटर, मधल्या प्रकारच्या रस्त्याची 5.5 मीटर आणि दुपदरी रस्त्याची 7 मीटर रुंद धरली जाते. सायकलस्वार डांबराच्या कडेपासून अर्धा मीटर आत चालला आहे असे माना. सायकलचे हँडल सुमारे 60 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे त्याचे उजवे टोक कडेपासून 80 सेंटिमीटरवर येते. त्याच्यापुढे दीड मीटर मोकळे अंतर सोडले की 2.3 मीटर रस्ता संपतो. मध्यम आकाराची मोटार आरशांसह सुमारे 2 मीटर रुंद असते. बेरीज 4.3 मीटर होते.

एकपदरी रस्त्यावर ही बेरीज बसतच नाही, कारण रस्ताच तेवढा रुंद नसतो. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर ती बसते, पण उरलेल्या जागेतून समोरची रिक्षासुद्धा येऊ शकत नाही. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावरही मोटारीला मधली रेषा सुमारे 80 सेंटिमीटर ओलांडावी लागते, आणि बस असेल तर जवळजवळ दीड मीटर. याचा अर्थ असा की कोकणातल्या जवळजवळ कोणत्याही रस्त्यावर सायकलला मागे टाकणे म्हणजे समोरून येणाऱ्याची जागा काही क्षण वापरणे होय. ती जागा रिकामी नसेल तर सायकलच्या मागे थांबणे एवढाच मार्ग उरतो.

दीड मीटरचे अंतर कोणाच्या मर्जीने ठरलेले नाही. खड्डा चुकवताना सायकलस्वार सहज अर्धा मीटर उजवीकडे येतो आणि अवजड वाहन वेगाने बाजूने गेले की हवेच्या झोताने सायकल आधी बाहेर ढकलली जाते व लगेच आत ओढली जाते. जर्मनीत 2020 पासून मोटारींनी सायकलपासून वस्तीत किमान दीड आणि वस्तीबाहेर किमान दोन मीटर अंतर ठेवणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. आपले रस्ते तिथल्यापेक्षा अरुंद आणि कडेला अधिक खचलेले असल्यामुळे आपल्याला या अंतराची गरज जास्तच आहे.

वाहनचालकाने सायकल मागे टाकताना

पुढे सायकल दिसताच पहिले काम म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे. त्यानंतर सायकलच्याही पुढचा रस्ता पाहावा: दीड-दोनशे मीटरपर्यंत समोरून कोणी येत नाही ना, वळण, चढाचा माथा, मोरी किंवा अरुंद पूल नाही ना, डावीकडे आपल्याला ज्या फाट्यावर वळायचे आहे तो जवळ आला नाही ना. यांपैकी काहीही असेल तर मागेच राहावे. मागे राहतानाही सायकलला चिकटून चालू नये, कारण इंजिनाचा आवाज पाठीशी आला की सायकलस्वार घाबरून कडेच्या मातीत उतरतो आणि बऱ्याचदा तिथेच पडतो. पंधरा-वीस मीटर अंतर ठेवले तर त्याच्यावर दडपण येत नाही आणि आपल्यालाही पुढचे नीट दिसते.

हॉर्न द्यायचाच असेल तर तीस-चाळीस मीटर दूर असतानाच एकदा, आखूड द्यावा. सायकलच्या बरोबरीला आल्यावर कानाशी वाजवलेल्या कर्कश हॉर्नने माणूस दचकतो, त्याचा हात हलतो आणि ज्याला सावध करायचे होते तोच गाडीसमोर येतो. रस्ता मोकळा दिसला की आरशात मागचे वाहन पाहावे, उजवा इंडिकेटर द्यावा, दुसऱ्या वाहनाला मागे टाकताना जेवढे बाहेर जातो तेवढेच बाहेर जावे आणि वेगातला फरक कमी ठेवून पुढे जावे. सायकलस्वार डाव्या आरशात संपूर्ण दिसू लागल्यावरच पुन्हा आपल्या बाजूला यावे. मोटारसायकलस्वारांनाही हे सर्व लागू आहे. आपले वाहन अरुंद असल्यामुळे जागा पुरते असे समजून ते सायकलला अगदी घासून जातात.

मागे थांबण्यात वेळ किती जातो, हेही पाहू. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलमागे दोनशे मीटर राहिलात तर ते अंतर कापायला 48 सेकंद लागतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने तेच अंतर साधारण 14 सेकंदांत गेले असते. तोटा सुमारे अर्ध्या मिनिटाचा आहे. दापोलीहून गुहागरला जाताना धोपाव्याच्या तरीसाठी, म्हणजे फेरीबोटीसाठी, आपण त्याच्या कितीतरी पट वेळ विनातक्रार थांबतो.

दुसरी सवय याहूनही घातक आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. समोरून सायकल येत असताना, ती कडेला उतरेल असे गृहीत धरून चालक पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर पडतात. मोटार येत असती तर हेच चालक थांबले असते. समोरून येणारी सायकल हे समोरून येणारे वाहन आहे, असे मानूनच तो निर्णय घ्यावा.

गावच्या बाजारपेठेत, मग ती मालवणची असो की दापोलीची, धोका गाडीच्या दाराचा असतो. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. तसे केले की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. डावीकडे बसलेल्याने त्याच कारणासाठी उजवा हात वापरावा.

सायकलस्वाराने रस्त्यात कुठे असावे

डाव्या बाजूने चालावे हा नियम आहे, पण डावी बाजू म्हणजे डांबराची कड नव्हे. कोकणात पावसाने साइडपट्टी वाहून जाते आणि डांबर व माती यांच्यात बोटभरापासून वीतभरापर्यंत पायरी तयार होते. त्या पायरीवरून चाक खाली घसरले तर वर येताना ते तिरके अडकते आणि सायकल रस्त्याच्या मध्यावर आडवी होते. म्हणून कडेपासून अर्धा ते पाऊण मीटर आत, सरळ रेषेत चालावे. चालकाला तुमची पुढची हालचाल आधी कळली पाहिजे, आणि ती कळण्यासाठी ही सरळ रेषा सर्वांत उपयोगी पडते. थांबलेल्या प्रत्येक गाडीमागून आत शिरणे आणि पुन्हा बाहेर येणे टाळावे. थांबलेल्या गाड्यांपासून एक मीटर अंतर ठेवून त्याच रेषेत पुढे जावे.

काही ठिकाणी मात्र रस्त्याच्या मध्याकडे येणे अधिक सुरक्षित असते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असलेली वाडीतली अरुंद वाट, मोरी, साकव, जुना खाडीपूल आणि न दिसणारे वळण अशा जागी कडेला राहिलात तर मागच्याला वाटते की जाऊन पाहावे, आणि तो अर्ध्यात आल्यावर जागा संपते. अशी जागा येण्यापूर्वी वीस-तीस मीटर आधी मान वळवून मागे पाहावे, उजवा हात आडवा करून इशारा द्यावा, मागचे वाहन दूर असेल तर मध्याकडे यावे आणि अरुंद भाग संपताच डावीकडे होऊन वाट द्यावी. जागा मिळताच वाट देणे तितकेच आवश्यक आहे. मागे चार गाड्या साचल्या असतील तर रुंद साइडपट्टी पाहून क्षणभर थांबावे. हात दाखवण्यापूर्वी मागे पाहणे कधीही चुकवू नये, कारण इशारा दिला म्हणून जागा रिकामी झाली असे होत नाही.

गटाने जाणाऱ्यांनी वळणांच्या रस्त्यावर एकामागे एक चालावे. पंधरा सायकलींची अखंड रांग कोणालाही एका दमात ओलांडता येत नाही, म्हणून चार-चार, पाच-पाच जणांचे गट करून दोन गटांत एक बस सहज मावेल एवढे, म्हणजे निदान चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवावे. दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवू नये. मागून येणारे वाहन किती मोठे आहे आणि वेग कमी करते आहे की वाढवते आहे, हे सायकलस्वाराला आधी कान सांगतात.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी भागात, दुभाजकातली वाट लांब असल्यामुळे सायकली सर्रास उलट्या बाजूने चालवल्या जातात. ताशी 80 किलोमीटरने येणारे वाहन आणि 15 ने जाणारी सायकल समोरासमोर असतील तर एका सेकंदात साधारण 26 मीटर अंतर संपते. त्याच दिशेने जात असतील तर 18 मीटर. शिवाय फाट्यावरून महामार्गाला लागणारा चालक फक्त आपल्या उजवीकडे पाहत असतो आणि उलटी सायकल त्याच्या डावीकडून येते. सेवारस्ता किंवा भुयारी मार्ग असेल तर थोडा वळसा पडला तरी तोच घ्यावा, नसेल तर उतरून साइडपट्टीवरून सायकल ढकलत न्यावी. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना माझा आग्रह असा की शक्य तिथे महामार्ग सोडून सागरी मार्ग निवडावा. चढ-उतार जास्त आहेत, पण अवजड वाहतूक बरीच कमी आहे.

चढ, उतार आणि घाटी

किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट असेल असे नकाशा पाहून वाटते, पण प्रत्येक खाडी ओलांडली की रस्ता सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो आणि पुढच्या गावात पुन्हा उतरतो. रत्नागिरी-गणपतीपुळे दरम्यानचा आरे-वारेचा भाग याचे चांगले उदाहरण आहे. चढावर सायकलचा वेग ताशी सहा-आठ किलोमीटरवर येतो आणि इतक्या कमी वेगात ती डोलतेच, त्यामुळे चालकाने चढावर नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. सायकलस्वाराने दम लागला म्हणून रस्त्याच्या रुंदीभर नागमोडी चढू नये. सरळ रेषा राखता येत नसेल तर उतरून चालावे. डोंगरी व तीव्र उताराच्या रस्त्यावर रुंदी अपुरी असेल तर खाली उतरणाऱ्या वाहनाने वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हा मोटार वाहन नियमांतला संकेत जुना आहे आणि चढणाऱ्या सायकललाही त्याच भावनेने वाट द्यावी.

उतारावर परिस्थिती उलटी होते. सायकल ताशी 40 किलोमीटरपर्यंत सहज पोहोचते, वळणावर ती मोटारीइतकीच जागा घेते आणि तिला तिथे मागे टाकण्याचे काही कारण उरत नाही. सायकलस्वाराने वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक एकत्र, हलके दाबून सोडत वापरावेत आणि वळणावरचा बहिर्वक्र आरसा असेल तर त्यात पाहण्याची सवय लावावी. सड्यावर पोहोचल्यावर आडवा वारा लागतो. गडग्याच्या किंवा झाडीच्या आडोशातून उघड्यावर येताना सायकल अचानक बाजूला सरकते, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. समुद्र दिसला की चालकाची नजर तिकडे वळते, विशेषतः काशीद आणि आरे-वारे येथे. पाहायचे असेल तर गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर घेऊन थांबवावी.

पावसाळ्यातले थांबण्याचे अंतर

चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी मोटार तेवढ्यात 25 मीटर पुढे जाते. त्यानंतर चांगल्या टायरने कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण 20 मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर 35. म्हणजे पावसात एकूण 60 मीटर. वेग 40 वर आणला तर हेच एकूण अंतर 32 मीटरच्या आसपास येते. येथे वळणापलीकडचा रस्ता बऱ्याचदा तीस-चाळीस मीटरच दिसतो, म्हणून वळणांच्या भागात पावसात चाळीसच्या वर जाऊ नये असे मी म्हणतो.

सायकलच्या बाबतीत, रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जवळजवळ लागतच नाहीत. आधी पाणी पुसले जाते, मग पकड येते. त्यामुळे उताराच्या सुरुवातीलाच ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करावी. पहिल्या सरींत रस्त्यावरची जांभ्याची धूळ आणि तेल मिसळून निसरडा थर होतो, जुलैनंतर सावलीतल्या कडेला शेवाळ धरते आणि मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी वर्षभर वळणांवर सांडलेले असते. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच समजून चालावे. सायकलस्वार हे सगळे चुकवण्यासाठी उजवीकडे येणार, हे चालकाने आधीच ओळखावे आणि डबक्याजवळ वेग कमी करावा. अंगावर उडालेल्या चिखलाने माणसाचे डोळे मिटतात आणि तो काही क्षण आंधळ्यासारखा चालवत असतो.

एस.टी., डंपर आणि तर

फाट्यावर थांबलेल्या एस.टी.च्या डावीकडून सायकल कधीही काढू नये, कारण दार तिकडेच उघडते. मागे थांबावे किंवा मागचे पाहून उजवीकडून अंतर ठेवून जावे. एस.टी. चालकांनाही विनंती आहे की पुढच्या थांब्यावर उभे राहायचेच असेल तर त्याआधीच्या शंभर मीटरमध्ये सायकल ओलांडू नये. ओलांडून लगेच डावीकडे घेतल्यास सायकलस्वार बस आणि गडगा यांच्यामध्ये सापडतो.

डंपर आणि ट्रक यांच्या डाव्या बाजूला चालकाला काहीच दिसत नाही असा मोठा पट्टा असतो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतून कापून जातात. तिठ्यावर ट्रक थांबला आहे, डावीकडे सायकलपुरती फट आहे, म्हणून पुढे जावे, हा मोह जीवघेणा आहे. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर चालकालाही तुम्ही दिसत नाही. मागेच, त्याच्या आरशात दिसाल अशा जागी थांबावे.

आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्या तरीने ओलांडताना एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. तर किनाऱ्याला लागली की सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडतात आणि पुढच्या अरुंद चढावर एकमेकींना मागे टाकू लागतात. सायकलस्वाराने घाई न करता सर्व गाड्या जाऊ द्याव्यात. पुढची तर येईपर्यंत त्याला रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्याने आणि शेवाळाने निसरडा असतो, तिथे सायकलवरून उतरूनच चालावे.

अंधार पडल्यावर

मंद झोतात मोटारीच्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण चाळीस मीटरपर्यंत पोहोचतो. वरचा हिशेब त्याच्याशी जोडून पाहिला तर ओल्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारा चालक, दिवा नसलेली सायकल दिसल्यावर वेळेत थांबूच शकत नाही, हे स्पष्ट होते. म्हणून सायकलला मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक, पुढे रस्त्याकडे किंचित झुकवलेला पांढरा दिवा आणि चाकांवर परावर्तक पट्ट्या हव्यातच. घोट्याला बांधलेली चमकती पट्टी विशेष उपयोगी आहे; वर-खाली हलणारा प्रकाश पाहताच चालकाला पुढे सायकल आहे हे कळते. मासळीची टोपली किंवा पावाची पेटी मागे बांधणाऱ्यांनी दिवा पेटीच्या मागच्या बाजूला लावावा, नाहीतर तो झाकला जातो.

चालकाने समोरून सायकल येत असतानाही डिपर मारून झोत खाली करावा. मोटारवाला स्वतःचा प्रखर झोत टाकून आठवण करून देऊ शकतो, सायकलस्वाराकडे तेही साधन नसते. गणपतीत आणि शिमग्याला रात्रभर गाडी चालवून पहाटे कोकणात उतरणाऱ्यांनी महामार्ग सोडून गावच्या फाट्याला लागण्यापूर्वी थांबून विश्रांती घ्यावी, कारण झोपेचा अंमल सर्वांत जास्त असतो त्याच वेळी पाववाले आणि मासळी विक्रेते रस्त्यावर आलेले असतात.

अपघात झाल्यास

प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना थांबवावे: वळणाच्या अलीकडे एक माणूस उभा करावा आणि गाडीचे चारही इंडिकेटर लावावेत. मग 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस यांना कळवावे. जागा सांगताना गाव, फाटा आणि किलोमीटरचा दगड सांगावा, कारण दोन वाड्यांची नावे सारखी असू शकतात. मान किंवा पाठ दुखत असल्याचे जखमी सांगत असेल तर त्याला उचलून बसवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हेल्मेट ओढून काढू नये.

जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार वाहनचालकाचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या त्रयस्थाला 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134अ चे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची 5 मे 2025 पासून लागू झालेली योजना असून तिच्यात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, 1,50,000 रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. जखमी सायकलवर होता म्हणून तो हक्क जात नाही. धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर मृत्यूसाठी 2,00,000 आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये भरपाईची तरतूद आहे, मात्र त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असावी लागते. म्हणून दुखापत किरकोळ वाटली तरी नोंद करावी, वाहनाचा क्रमांक दिसला असल्यास लगेच लिहून ठेवावा, रस्त्याचे आणि सायकलचे फोटो काढावेत आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली सायकल दुरुस्तीला देऊ नये.